सपोर्ट (कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या) बंद झालेली विंडोज एक्सपी, विंडोज ७ लोक अजून का वापरतात? आळस की कंजुषी?

दोन्ही नाही. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत तुमच्या काकांच्या वर्कशॉपमध्ये अजून एक्सपी आहे आणि ते "ऐकतच नाहीत". तुमच्या काकांना मी ओळखत नाही, पण त्यांची बाजू घ्यायला बसलोय. नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपी (कॉम्प्युटरवर पानं जुळवणं) आणि ऑफसेट छपाईचं काम आहे. माझ्याही एका टेबलावर एक्सपी आहे आणि ती राहणार आहे.

शिकायचा कंटाळा, हा आरोप आधी बाजूला करतो. मी छापखान्यातले खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यापासून सुरुवात केली. खिळे गेले, डीटीपी आलं, विंडोज ९५ आली, ९८ आली, एक्सपी आली. प्रत्येक वेळी रात्री जागून शिकलो. नवीन काम आज विंडोज ११ वर, इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडमध्येच (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची एकच ठरलेली पद्धत) होतं. एक्सपी फक्त जुन्या कामासाठी आहे. आणि जुनं काम म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी आपल्या आईच्या आणि गावातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, झाडीबोलीत. एक्सपी नवी होती त्या काळात त्याचं पुस्तक आमच्याकडे झालं. गुरुजी स्वतः बाजूला बसून प्रूफ पाहायचे. मी "पाणी" केलं की ते परत "पानी" करायला लावायचे. म्हणायचे, "माय जशी म्हने तसंच पाहिजे जी." दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी आली. गुरुजी गेले होते, घरच्या प्रतींना वाळवी लागली होती, तिला पुन्हा छापून हवं होतं. हातात आमच्याच दुकानाचं लेबल असलेली सीडी.

माझा भाचा तेव्हा दिवाळीला आला होता. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, हुशार पोरगा आहे. पण दरवर्षी एकच वाक्य: "मामा, हे भंगारात टाका ना आता." त्या दिवशी गुरुजींच्या मुलीसमोर, त्या ताईंसमोर म्हणाला, "एक्सपीची काही गरज नाही, मी तासाभरात युनिकोड करून देतो." दिली फाइल. त्याने मजकूर काढून एका कन्व्हर्टरमधून नेला आणि समोर आलं ते असं: "सूर्य"चा "सूयर्", "दिवस"चा "िदवस", आणि "दुसऱ्या", "गुऱ्हाळ" यांच्या जागी नुसते चौकोन. त्याने वर स्पेलचेक चालवला, तर "पानी"चं "पाणी" होऊन बसलं. ताई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मी पाहिला.

यात त्या पोराची अक्कल कमी नव्हती. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षर साठवलेलंच नसतं, अक्षराचे तुकडे साठवलेले असतात. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे रफार बसवलेला. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधीच साठवायची. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार उलटा: जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टरला ही उलटापालट अंदाजाने करावी लागते. साध्या मजकुरात बऱ्यापैकी जमते, जोडाक्षरांत घसरते, आणि वर स्पेलचेक चालवला की बोलीभाषा बिघडते.

मग मी एक्सपी सुरू केली. पेजमेकर, म्हणजे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, उघडला, फाइल उघडली. प्रत्येक ओवी जिथल्या तिथे, गुरुजींनी सुचवलेल्या प्रत्येक दुरुस्तीसकट. ताईंनी दोन नावं बदलायला सांगितली, बदलली. पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची फाइल काढून तिची पीडीएफ केली, पेन ड्राइव्हने नव्या मशीनवर नेली, छपाईच्या प्लेट केल्या. आठवड्यात पुस्तक बाइंडिंगला गेलं.

भाच्याचं पुढचं म्हणणं: "मग पेजमेकर आणि तो फॉन्ट नवीन विंडोजवर टाका." अरे बाबा, टाकून पाहिलंय. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू देत नाही अशी छोटी डबी; ते जुन्या पॅरलल पोर्टला, म्हणजे प्रिंटर पोर्टला लागतं. नव्या मदरबोर्डवर तो पोर्टच नाही. यूएसबीचं कनेक्टर मिळतं, ते प्रिंटरला चालतं, लॉकला चालत नाही. लॉकचा ड्रायव्हर (विंडोजला लॉक ओळखायला लावणारा प्रोग्राम) ३२-बिटचा आणि ६४-बिट विंडोज ३२-बिटचा ड्रायव्हर घेत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आतच चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, एक्सपी चढवली, तिथे लॉक दिसेना. फॉन्टवाल्या कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं की त्या लॉकचा सपोर्ट बंद, नवीन आवृत्ती घ्या. नवीन आवृत्तीत फॉन्टची मांडणी बदललेली, म्हणजे माझ्या जुन्या फाइली तिच्यातही नीट दिसणार नाहीत. पैसे मोजून घेतलेली वस्तू, पावतीसकट, आणि ती चालायची एकच जागा उरली आहे. पेजमेकरचंही तेच. शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. इनडिझाइन त्या फाइली सीएस६ पर्यंत उघडायचं, पुढे तेही बंद.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. कोणी विंडोजच्या प्रेमाने विंडोज ठेवत नाही. तिच्याशी बांधलेली एखादी वस्तू दुसरीकडे चालत नाही, म्हणून ठेवतात. माझ्याकडे ती वस्तू फॉन्ट आहे. तुमच्या काकांकडे बहुतेक मशीनचा कंट्रोलर असेल. लेथ किंवा वायरकट (तारेने धातू कापणारं मशीन) चांगलं वीस-पंचवीस वर्षं चालतं, त्याच्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर मात्र एक्सपीवरच थांबलेलं. काही लाखांचं मशीन फक्त कॉम्प्युटर जुना झाला म्हणून विकायचं? हे छोट्या माणसांपुरतंही नाही. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर २०१५ मध्ये हवामानाची माहिती देणारी यंत्रणा बंद पडली, तेव्हा ती विंडोज ३.१ वर चालत होती.

"सेफ नाही" हे भाचा दर वेळी ऐकवतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस आला, तेव्हा सर्वांत जास्त मशीन्स विंडोज ७ ची अडकली. तिचा सपोर्ट तेव्हा चालू होता, पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारी दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता, लोकांनी टाकला नव्हता. म्हणजे नवीन सिस्टिम घेतली की काम झालं, असं समजणारेही धोक्यात असतात.

आता हेही लिहितो, नाहीतर कोणी माझ्या भरवशावर एक्सपीवर बँकेचं काम करेल. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. त्यानंतर सापडलेली बहुतेक भोकं उघडीच आहेत. माझ्या एक्सपीला नेटची वायर नाही, वायफाय नाही. पेन ड्राइव्ह आधी नव्या मशीनवर तपासला जातो. हार्ड डिस्कची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे आणि ती दुकानात नाही, घरी आहे. मदरबोर्डचे कपॅसिटर एका उन्हाळ्यात फुगले तेव्हा सीताबर्डीच्या बाजारात शोधून तसाच जुना बोर्ड आणला, एक जास्तीचाही घेऊन ठेवलाय. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि कूलरची ओली हवा थेट मशीनवर येते, म्हणून तिची जागा कूलरपासून लांब केली. ज्याला हे सगळं करायचं नाही त्याने जुनी सिस्टिम ठेवू नये. आणि नुसतं टॅली, बिलं, इंटरनेट असं काम असेल तर ठेवायचं काही कारणच नाही, बदला.

भाचा म्हणतो, सगळं एकदा पुन्हा टाइप करून घ्या. माझ्याकडे शाळांच्या स्मरणिका आहेत, प्रबंध आहेत, वारलेल्या माणसांचे कवितासंग्रह आहेत. टाइप कोण करणार, प्रूफ कोण वाचणार? ज्याला "पानी" कुठे ठेवायचं हे माहीत होतं तो माणूस आता नाही. टाइप करायचंच असेल तर सल्ला देणाऱ्याने माझ्याशेजारी बसून ते वाचावं. खुर्ची आहे, चहा मी देतो. अजून तो बसलेला नाही.

तुम्ही काकांना काही सांगायच्या आधी वर्कशॉपमध्ये जा आणि त्या कॉम्प्युटरच्या मागे काय काय जोडलंय ते पाहा. नेटची वायर असेल तर काढायला सांगा, एवढं ते नक्की ऐकतील. मग मशीनसोबत आलेली ड्रायव्हरची सीडी मागा. सापडली तर त्याच दिवशी तिच्या दोन प्रती करा, कारण ती सीडी खराब झाली तर कंपनीकडून दुसरी मिळेल याची आशा ठेवू नका.