समुद्रातलं स्थळ

चि. लेखिकाबाईंस, अनेक आशीर्वाद.

कथा वाचली. पंचवटीत वधूवर सूचक मंडळ चालवणारी बाई आणि समुद्रातला राक्षस, ही जोडी जमण्यासारखी आहे. पण तू त्याला थेट रामकुंडात आणून सोडलंयस. आला कुठून? अरबी समुद्र जवळ आहे म्हणशील, तर मध्ये सह्याद्री आडवा. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते आणि जाते बंगालच्या उपसागराला. म्हणजे स्वारी सुमारे 1465 किलोमीटर उलटी पोहत, राजमहेंद्रीजवळचं धरण नि पैठणचं जायकवाडी पार करत येणार. मराठी बोलेल ती तेलुगू हेल काढून. अर्धी गंमत इथेच फुकटात मिळते, सोडू नकोस.

आण त्याला पुरात. दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी लागलं की अर्धं नाशिक होळकर पुलाकडे धावतं. त्या गर्दीत त्याचं डोकं फक्त तिलाच दिसू दे. शिवाय चातुर्मास चालू. मुहूर्त बंद, तुळशीचं लग्न लागेपर्यंत बाई रिकामी. तिला प्रेमात पडायला सवड कुठून मिळाली, हा प्रश्नच मिटला.

ती किंचाळते ती दोन पानं काढून टाक. मुलाकडच्यांच्या अटी जन्मभर ऐकलेली बाई शेपटीला भिते होय? ती विचारेल, "जन्मवेळ माहीत आहे का? घरी कोण कोण? जागा स्वतःची?" आणि तो बिचारा खरं सांगेल, "जागा मोठी आहे हो, पण ओल फार."

पत्रिकेचा प्रसंग तू चार ओळींत उरकलायस, तिथे मात्र रमायचं. 36 गुणांच्या कोष्टकात वश्याच्या रकान्यात 'जलचर' आधीपासूनच आहे, तेव्हा तिथे अडत नाही. त्याचा जन्म रेवतीवरचा धर: मीन रास, योनी हत्तीची आणि गण देव! हिचं नक्षत्र चित्रा, म्हणजे राक्षसगण. गण बघून दुसऱ्यांची स्थळं परत पाठवणाऱ्या बाईचा हात स्वतःची पत्रिका पर्समधून काढताना आखडू दे. त्याने "तुमची?" म्हणून विचारलं की तिने सरळ पोह्यांचा विषय काढावा. प्रेम इथे सुरू होतं; तुझ्या त्या चांदण्यातल्या परिच्छेदात नाही.

मारुतीच्या समोर हे शोभतं का, असं कुणी नाक मुरडलं तर मकरध्वजाची गोष्ट सांग. ब्रह्मचारी मारुतीरायाचा मुलगा, तो मकरीच्याच पोटी झाला ना! आणि कामदेवाच्या झेंड्यावरही मकरच असतो.

शेवटी त्याचा देखणा इंजिनिअर केलायस, तेवढं मात्र मला मुळीच चालणार नाही. राक्षस राक्षसच राहू दे. पूर ओसरला की त्याला निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात हलव. ती एसटीने जाईल. थंडीत तिथे पक्षी बघायला लोक दुर्बिणी लावून बसतात, त्यामुळे चोरून भेटायची पंचाईत आयतीच होते. पुढचा खर्डा तिथून सुरू कर.

तुझा,
काका