“शास्त्रात कुठंय, ते दाखव!”

मावशी,

मी मूळची वसईची, कॅथलिक. नवरा नगरचा, त्यांचं घर चार पिढ्यांचं प्रॉटेस्टंट. लग्न रीतसर बिशपांची परवानगी घेऊन चर्चमध्येच झालं. आम्ही पिंपरीत राहतो, आठ महिन्यांची मुलगी आहे. बाळंतपणापासून सासूबाई आमच्याकडेच आहेत. बाई प्रेमळ आहेत, बाळाचं सगळं त्याच बघतात. पण धर्माचा विषय निघाला की त्यांचं एकच वाक्य येतं, “शास्त्रात कुठंय, ते दाखव.” शास्त्र म्हणजे बायबल. रोझरीची जपमाळ कुठंय? आल्तारावर मरियामातेची तसबीर लावायची, हे कुठंय? मुलीचा स्नानसंस्कारही (बाप्तिस्मा) यातच अडकलाय, कारण त्यांना तो नगरलाच व्हायला हवा आहे.

पुढच्या महिन्यात माझ्या बाबांना जाऊन वर्ष होईल. गावी त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सांगितली आहे. त्यावर म्हणाल्या, “मेलेल्यांसाठी प्रार्थना शास्त्रात नाही, आणि पैसे देऊन तर नाहीच नाही.” माझा तोल गेला. म्हटलं, “तुमचं चर्च कालचं, आमचं पेत्रापासूनचं. बायबल तुम्हाला दिलं कोणी?” तेव्हापासून अबोला आहे. नवरा म्हणतो, दोघींनी मिटवा. मावशी, खरं कोणाचं? आणि मी काय करू?

— तुमची एक वाचक

अगं,

आधी माझा पक्ष सांगून टाकते, म्हणजे नंतर फसवलं असं वाटायला नको. मीही नगर जिल्ह्यातल्या प्रॉटेस्टंट घरातली. तुझ्या सासूबाईंचं ते वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकलंय, आणि तरुणपणी दुसऱ्यांच्या अंगावर फेकलंयसुद्धा.

आता माझ्या आजीचं सांगते. आजीला अक्षरओळख नव्हती. पण रविवारी देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) पाळकसाहेबांनी अध्याय वाचताना एखादी ओळ गाळली, की आजी मान वळवून आईकडे बघायची. स्तोत्रं पाठ, डोंगरावरचं प्रवचन पाठ, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तर जात्यावर बसल्या-बसल्या. “शास्त्रात कुठंय” हे तीही म्हणायची, आणि तिच्यापाशी होतं ते सगळं शास्त्र कानानं आलेलं! तिच्या आईनं तिला सांगितलं, तिनं माझ्या आईला. तुमच्याकडे ज्याला परंपरा म्हणतात ती यापेक्षा फार वेगळी असते का, हा प्रश्न मला पन्नाशीनंतर पडला.

तू जे बोललीस त्यातलं अर्धं बरोबर आहे, पण बोलायची वेळ आणि सूर दोन्ही चुकले. “तुमचं चर्च कालचं” हे नातीचे लंगोट धुणाऱ्या बाईला ऐकवायचं वाक्य नव्हे. त्याची माफी माग. मुद्द्याची नको मागूस, वाक्याची माग.

आता मुद्दा. येशूनं स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. त्याच्यानंतर वीसेक वर्षांनी प्रेषित पौलाची पत्रं येऊ लागली, शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्राची चार पुस्तकं, बहुधा त्याच्याही नंतरची. मधल्या काळात मंडळी जमत होती, भाकर मोडत होती, बाप्तिस्मे होत होते, ते सगळं तोंडी शिकवणुकीवर. सासूबाईंना एक वचन नक्की पाठ असेल, घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता आहे, हे. येशूचं वचन आहे ना? मग चारी शुभवर्तमानांत शोधायला सांग. सापडणार नाही. ते प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20 मध्ये पौलाच्या तोंडी आहे. इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेताना तो म्हणतो, प्रभूचे शब्द आठवा. म्हणजे ते शब्द तोंडोतोंडी फिरत होते, ऐकणाऱ्यांना ठाऊक होते, आणि पुस्तकात आले ते योगायोगानं. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात तर पौल स्पष्टच सांगतो, तोंडी असो वा पत्रानं असो, जे शिकवलं ते धरून ठेवा.

आणि पुस्तकांची यादी? नव्या करारातली नेमकी आजची 27 पुस्तकं एका यादीत पहिल्यांदा दिसतात ती इ. स. 367 मध्ये, अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या ईस्टरच्या पत्रात. बायबलच्या कुठल्याही पानावर बायबलची अनुक्रमणिका देवानं सांगितलेली नाही. ती मंडळीनं, म्हणजे चर्चनं, वाचत, गात, पारखत ठरवली. तेव्हा “बायबल दिलं कोणी” हा तुझा सवाल पोकळ नाही.

पण थांब, लगेच जिंकल्यासारखं करू नकोस. सासूबाईंच्या बाजूचा साक्षीदार फार मोठा आहे. मार्कचं शुभवर्तमान, अध्याय 7. आईबापांना द्यायचं ते “देवाला वाहिलं”, “कुर्बान” म्हणायचं आणि आईबापांना वाऱ्यावर सोडायचं, अशी एक पळवाट तेव्हाच्या शास्त्र्यांच्या परंपरेनं काढून दिली होती. येशू त्यांना सुनावतो, तुमच्या परंपरेपायी तुम्ही देवाची आज्ञा रद्द करता. परंपरा म्हणून सांगितलेलं सगळंच वरून आलेलं नसतं, हे तिथं साक्षात प्रभूच सांगतोय. पैशाचं त्या बोलल्या तेही हवेतलं नाही. 1517 मध्ये मार्टिन लूथर, ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाला तो, भडकला तो नेमका यावरच. टेट्झेल नावाचा धर्मगुरू जर्मनीत पैसे घेऊन पापदंडमाफीची पत्रं विकत होता, मेलेल्या नातेवाइकांच्या नावानंसुद्धा. 1521 मध्ये वर्म्सच्या सभेत बादशहासमोर लूथरनं सांगितलं, पोप आणि परिषदा चुकू शकतात, मला पटवायचं तर शास्त्रानं किंवा स्वच्छ बुद्धीनं पटवा. तुझ्या सासूबाईंच्या तोंडचं वाक्य पाचशे वर्षं जुनं आहे, आणि ते म्हणायला जिवाची तयारी लागली होती. पुढे 1567 मध्ये खुद्द पोपनीच पैशांशी बांधलेल्या त्या माफ्या रद्द केल्या, हेही त्यांना माहीत असू दे. मिस्सेसाठी तू देतेस ती देणगी आहे, किंमत नव्हे. पण बाहेरून बघणाराला पाकीट दिसतं, हे तूही समजून घे.

लूथरनंसुद्धा सगळी परंपरा फेकून दिली नाही, बरं का. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जुनी कबुली, ठेवला, बालकांचा बाप्तिस्मा ठेवला. “केवळ शास्त्र” याचा अर्थ शेवटचा निकाल शास्त्राचा. खालची कोर्टं चालू राहतात, पण सुप्रीम कोर्ट एकच. तुमच्या बाजूनं ट्रेंटच्या परिषदेनं 8 एप्रिल 1546 रोजी ठरवलं की लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून आलेली अलिखित परंपरा, दोहोंचा सारख्याच भक्तिभावानं स्वीकार करायचा. नंतर 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं तेच जरा मऊ भाषेत मांडलं. दोन्ही एकाच झऱ्यातून येतात, आणि शिकवणारा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. तरी माझा काटा पूर्ण हलला नाही. मरिया देहासकट स्वर्गात घेतली गेली, हा सिद्धांत 1950 मध्ये अधिकृतपणे बंधनकारक झाला, तो काही माझ्या घशाखाली उतरत नाही. परंपरा मापायला हातात काहीतरी फूटपट्टी हवीच, असं मला अजून वाटतं.

आता तुझ्या बाबांची मिस्सा. एक गोष्ट करून बघ. तुझं बायबल आणि सासूबाईंचं पवित्र शास्त्र जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेव आणि दोन्हींची अनुक्रमणिका उघड. नवा करार सारखाच, 27 पुस्तकांचा. जुना करार त्यांचा 39 चा, तुझा 46 चा. तुझ्या जास्तीच्या सातांत मक्काबींची दोन पुस्तकं आहेत, आणि त्यातल्या दुसऱ्याच्या 12 व्या अध्यायात लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी प्रार्थना आणि अर्पण केल्याचं लिहिलंय. म्हणजे “शास्त्रात कुठंय” याला तुझ्या शास्त्रात उत्तर आहे, त्यांच्या शास्त्रात ते पानच नाही. लूथरनं 1534 च्या आपल्या बायबलमध्ये ही पुस्तकं दोन करारांच्या मध्ये वेगळी काढून ठेवली, वर शेरा मारून की शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला चांगली. तुम्ही दोघी वचनावर भांडताय असं तुम्हाला वाटतंय, आणि हातातली पुस्तकंच वेगळी आहेत!

रोझरीचंही तसंच. माळेवर म्हणायच्या मरियेच्या वंदनाचा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, गब्रिएल देवदूताचं अभिवादन आणि अलीशिबेचे शब्द. “आम्हा पाप्यांसाठी विनंती कर” हा पुढचा भाग मंडळीनं जोडलेला. त्यांचं भांडण त्या दुसऱ्या अर्ध्याशी आहे.

स्नानसंस्काराच्या बाबतीत मात्र सासूबाईंना गालातल्या गालात हसून एक विचारायला हरकत नाही, पण अबोला सुटल्यावर. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्या, असं वचन नव्या करारात कुठंय? लुदियेच्या घरच्यांचा झाला, तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या घरच्यांचा झाला, त्यात बाळं असतील असा अंदाज. बाकी सगळी चालत आलेली रीत. बॅप्टिस्ट मंडळी नेमका हाच सवाल इतर प्रॉटेस्टंटांना करत आली आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा बॅप्टिस्टही त्यात आले, म्हणून तिथं बाळपणीचा आणि मोठेपणीचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य ठेवावे लागले.

हे सगळं झालं पुस्तकी. तुमच्या घरात जे दुखतंय ते मला वेगळंच दिसतं.

“परंपरा” हा शब्द तुला आणि त्यांना एकसारखा ऐकू येत नाही. 1739 मध्ये वसई पडली, पोर्तुगीज गेले, युरोपियन पाद्रीही गेले. तुमच्या पूर्वजांपाशी उरले मोजके देशी पाद्री, घरातला आल्तार, आयांनी शिकवलेल्या प्रार्थना, आणि मेलेल्यांच्या थडग्यांवर लावायच्या मेणबत्त्या. त्यावर तुमची माणसं टिकली. तुला परंपरा म्हटलं की बाबांचा हात आठवत असणार, संध्याकाळी माळ धरलेला.

आमच्याकडे 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. पुढे जे ख्रिस्ती झाले त्यांतले पुष्कळ जण महार-मांग वस्त्यांतले. त्यांनी “परंपरा” हा शब्द विहिरीवर ऐकला होता, देवळाच्या पायरीवर ऐकला होता, आणि तो नेहमी “मागे सर” या अर्थानं. त्यांच्या हातात कुणीतरी एक पुस्तक दिलं आणि सांगितलं, तूच वाच, मध्ये कुणी नको. बायकांच्या हातातही दिलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, 1922 मध्ये मरण येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. त्या घरातली बाई “कुठं लिहिलंय, दाखव” म्हणते तेव्हा ती फक्त तुझी परीक्षा घेत नसते. पुन्हा कुणी न लिहिलेल्या नियमांखाली मला दाबू नये, ही धास्ती त्यात असते. सासूबाई असं बोलून दाखवणार नाहीत, त्यांनाही कदाचित ते उमगलं नसेल. माझ्या आजीला नव्हतं उमगलं.

तर काय करशील? माफी मागताना त्यांना विचार की त्यांच्या घरात पहिलं पवित्र शास्त्र कुणी वाचायला शिकलं. पणजा असेल, आजेसासू असेल. नुसतं ऐक, मध्ये मक्काबी आणू नकोस. मग तुझ्या घरी माळ कोण म्हणायचं ते सांग.

मिस्सा होणार. त्यासाठी परवानगी मागायची नाही, नुसतं कळवायचं. बाप तुझा आहे, आणि ज्या मार्काच्या अध्यायावर त्यांची भिस्त असेल त्यातसुद्धा येशू आईबापांच्याच बाजूनं बोललाय. त्यांना मिस्सेला चला म्हण. नाही आल्या तर रुसू नकोस. नगरकडे वर्षश्राद्ध नसलं तरी माणसाच्या आठवणीची, आभाराची उपासना घरोघर होते. तशी एक पिंपरीच्या घरी ठेव, त्यांच्या पाळकांना बोलव, आणि प्रार्थना सासूबाईंना करू दे. “मृतासाठी” त्या म्हणणार नाहीत, “मृताबद्दल देवाचे आभार” म्हणतील. तुझ्या बाबांचं नाव तर घेतलं जाईल.

नवऱ्याला मात्र सोडू नकोस. “दोघींनी मिटवा” म्हणजे काय? लग्नाच्या वेळी तू वचन दिलंस की मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी जमेल ते सगळं करीन, आणि त्याला त्याची कल्पना देण्यात आली होती. हे त्यानं आईला सांगितलंय का? मला वाटतं नाही. ते सांगणं त्याचं काम आहे, तुझं नाही, आणि बाळाच्या तारखेआधी व्हायला हवं. सोबत हेही सांगू दे की पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा दोन्हीकडे एकच मानतात. नगरला झाला असता तरी फादरांनी पुन्हा पाणी घातलं नसतं. म्हणजे नात त्यांच्या हातून जात नाही. चर्चमध्ये त्या दिवशी जुन्या करारातलं वाचन कुणी करायचं ते फादरांना आधी विचार. सासूबाईंनी केलं तर चालेल का, हे विचारायला काहीच लागत नाही.

तसबीर राहू दे भिंतीवर. फक्त त्यांची झोपायची खाट तिच्या बरोबर समोर आहे का, ते बघ. असेल तर खाट हलव.

— मावशी