'स्टेटमेंट' म्हणजे दर वेळी 'विधान' नव्हे

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: 'मी एका सामाजिक संस्थेसाठी इंग्रजी अर्ज आणि माहितीपत्रकं मराठीत आणते. स्टेटमेंट हा शब्द आला की मी सरसकट विधान लिहायचे. परवा "मागील सहा महिन्यांचे बँक विधान जोडावे" असं लिहिलं, तर कुणालाच कळेना. मग विधान म्हणजे नेमकं काय, आणि तो शब्द कुठे चालतो?'

ताई, बँकेचं आधी सांगून टाकतो. तिथे 'खातेउतारा'. सातबाराचा जसा उतारा, तसाच खात्याचा. मूळ नोंदवहीत जे आहे ते उतरवून दिलेलं, एवढाच त्याचा अर्थ. बँक त्यात स्वतःचं काही म्हणत नाही, म्हणून 'विधान' वाचून माणसं अडखळली.

आता विधान. 'वि' हा उपसर्ग आणि 'धा' हा धातू. 'धा' म्हणजे ठेवणं. त्यावरून विधान म्हणजे घालून देणं, नेमून देणं. विधी, विधाता, विधेयक, संविधान, विधानसभा ही सगळी याच घरातली. मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांच्या लेखी विधी म्हणजे आज्ञा: 'स्वर्गकामो यजेत', स्वर्ग हवा असेल त्याने यज्ञ करावा. मराठी व्याकरणातला विध्यर्थही हाच, 'मुलांनी खरं बोलावं' यातला. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी 'असं असावं' आहे. आपण मात्र आज तो 'असं आहे' या अर्थाने वापरतो. अर्थ इतका फिरला, तरी जुना अर्थ मेला नाही. विधानसभेत कायदे होतात, ते 'असं असावं' हेच सांगतात.

'असं आहे' हा अर्थ सगळ्यात काटेकोरपणे सापडतो तो बारावीच्या गणितातल्या तर्कशास्त्राच्या प्रकरणात. सत्य किंवा असत्य यांपैकी एक आणि एकच ठरवता येतं, असं वाक्य म्हणजे विधान. '७ ही मूळ संख्या आहे' हे विधान. '८ ही मूळ संख्या आहे' हेसुद्धा विधानच, फक्त असत्य. इथे पुष्कळांची गल्लत होते. खोटं असलं म्हणून वाक्याचं विधानपण जात नाही. 'दार लाव' किंवा 'किती वाजले?' यांना मात्र खरं-खोटं लागूच होत नाही. आणि 'क्ष अधिक ३ बरोबर ५' हेही विधान नाही. क्ष किती ते सांगितलं की मग होतं.

व्याकरणातलं 'विधानार्थी वाक्य' याच्या जवळचं वाटतं, पण वेगळं आहे. ते वाक्याच्या घडणीचं नाव आहे. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'दूध उतू चाललंय,' तर घडण विधानार्थी, पण काम आज्ञेचं. उलट 'पाऊस पडतोय' हे एकच वाक्य आज म्हटलं आणि उद्या म्हटलं, तर विधानं दोन होतात. आजचं खरं असेल, उद्याचं खोटं. वाक्य आणि विधान यांत फरक करायचा तो यासाठी. तत्त्वज्ञांनी यावर पुष्कळ डोकं लावलं आहे. 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' हे वाक्य घ्या. फ्रान्सला राजाच नाही. बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ मध्ये म्हटलं, हे विधान असत्य. पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९५० मध्ये उत्तर दिलं की वाक्य अर्थपूर्ण आहे, पण आज ते उच्चारणारा खरं किंवा खोटं असं काही म्हणतच नाही. मला स्ट्रॉसन जवळचे वाटतात. असं काही कानावर पडलं तर आपण 'खोटं!' म्हणत नाही, 'कुठला राजा?' असं विचारतो.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, याच जागेवर 'प्रतिज्ञा' हा शब्द आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन या अनुमानाच्या पाच अवयवांतली पहिली. 'पर्वतावर अग्नी आहे' ही प्रतिज्ञा, 'कारण तिथे धूर आहे' हा हेतू. म्हणजे प्रतिज्ञा हे सिद्ध करायला घेतलेलं विधान. मांडलं की निभावण्याची जबाबदारी मांडणाऱ्यावर. कोर्टातल्या 'प्रतिज्ञापत्रा'तही शब्दाचा हाच भार जाणवतो.

कोर्टाचा विषय निघालाच आहे, तर तिथे थोडं रेंगाळतो, कारण मराठीची खरी श्रीमंती तिथे आहे. पोलीस घेतात तो 'जबाब'. अरबी 'जवाब', म्हणजे उत्तर. त्यांनी विचारलं, माणसाने सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यासाठी कलम १८० आहे, आणि लिहून घेतलेल्या या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नसते. मागाहून आणखी काही सांगितलं तर 'पुरवणी जबाब', गुन्हा मान्य केला तर 'कबुलीजबाब'. तोच माणूस तीच हकीकत न्यायाधीशासमोर शपथेवर सांगतो आणि उलटतपासणीला तोंड देतो, तेव्हा ती 'साक्ष' होते. 'मृत्युपूर्व जबाबा'ला शपथ नाही, उलटतपासणी तर शक्यच नाही, तरी कायदा तो पुरावा म्हणून स्वीकारतो. आणि 'जबानी' आली फारसी 'जबान'वरून, म्हणजे जिभेवरून.

दिवाणी दाव्यात वादी 'दावा' लावतो आणि प्रतिवादी 'कैफियत' देतो. हा माझा फार आवडता शब्द. मूळ अरबी 'कैफ', म्हणजे 'कसं'. कैफियत म्हणजे कसं घडलं त्याची हकीकत, आपल्या बाजूने सांगितलेली. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते, आणि दाव्यातली जी गोष्ट कैफियतीत स्पष्टपणे नाकारली नाही ती मान्य केली असं धरलं जाऊ शकतं. म्हणजे न बोललेलंही तिथे बोलल्यासारखं होतं. बोलीत मात्र 'कैफियत मांडली' याचा अर्थ गाऱ्हाणं घातलं असा झाला आहे.

सार्वजनिक जीवनात दोन शब्द वेगळे ठेवा. पुढाऱ्याचं ते 'वक्तव्य', गावकरी जिल्हाधिकाऱ्यांना देतात ते 'निवेदन'. निवेदनात जाणवून देणं आहे आणि पुढे ठेवणंही आहे. देवापुढचा नैवेद्य याच शब्दाचा नातलग, आणि नवविधा भक्तीतली शेवटची पायरी आत्मनिवेदन. वक्तव्याला ही नम्रता नाही. म्हणून 'मंत्र्यांनी वादग्रस्त निवेदन केलं' हे कानाला खटकतं.

संगणकाच्या भाषांत एकेका ओळीला स्टेटमेंट म्हणतात. तिचं मराठी 'विधान' केलं तर पहिल्यांदा विचित्र वाटेल, कारण ती ओळ खरं-खोटं सांगत नाही, काम करून घेते: या नावाखाली ५ ठेव, ते छाप. पण धातूकडे पाहिलं तर मीमांसकांच्या विधीशी तिचं चांगलं जुळतं. तरी विद्यार्थ्यांसाठी मी 'आज्ञा' लिहीन. त्यांना गणितातलं विधान आधी भेटलेलं असतं.

तुमच्या कागदांपुरतं सांगायचं तर शब्द शोधण्याआधी विचारा: हे कोण, कुणाला आणि कशासाठी सांगतंय? लाभार्थी स्वतःबद्दल लिहून देतो तिथे 'स्वयंघोषणापत्र', खर्चाचा हिशेब मागितला असेल तिथे 'जमाखर्च' किंवा 'खर्चाचा तपशील'. प्रकल्पाच्या प्रस्तावात पहिल्या पानावर येणारं 'प्रॉब्लेम स्टेटमेंट' मात्र 'समस्या विधान' करू नका. तिथे नुसतं 'प्रश्न काय आहे' असं शीर्षक द्या आणि खाली लिहायला लागा.