घरी रेकॉर्ड केलेला अल्बम चालतो का?

प्रश्न : मी सिडकोत राहतो, मराठी रॉक गाणी करतो आणि घरातच एक माइक, गिटार, लॅपटॉप घेऊन रेकॉर्ड करतो. मित्र म्हणतात हे कच्चं आहे, मुंबईला स्टुडिओत जाऊन बँडसोबत परत कर. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘नेब्रास्का’ अल्बम घरीच केला होता ना? लोकांनी कसा घेतला तो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, घरीच. जानेवारी १९८२, न्यू जर्सीत कोल्ट्स नेकचं भाड्याचं घर, बेडरूममध्ये टॅस्कॅमचा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणि दोन साधे माइक, बस. पण त्याला तेव्हा अल्बम करायचाच नव्हता हे लक्षात घे, बँडला गाणी दाखवायला डेमो बनवत होता, आणि ती कॅसेट नंतर कव्हरबिव्हर नसताना जीन्सच्या खिशात घालून फिरायचा. मग स्टुडिओत बँड घेऊन तीच गाणी वाजवली आणि मजाच गेली, म्हणून शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून काढली. शीर्षकगीत ऐक, १९५८ मधल्या चार्ल्स स्टार्कवेदरच्या खुनांवर आहे, खुनी स्वतःच बोलतोय, एकदम सपाट आवाजात, त्याच्यामागे दणादण ड्रम वाजले तर अंगावर काटा कुठून येणार?

आणि गंमत बघ, त्याच डेमोंमध्ये ‘बॉर्न इन द यूएसए’ पण होतं, ते मात्र बँडसोबतच उभं राहिलं आणि १९८४ च्या अल्बमचं नावच झालं. म्हणजे घर की स्टुडिओ हे प्रत्येक गाण्याला वेगवेगळं विचारावं लागतं.

त्रासही कमी झाला नाही. त्या कॅसेटवरून रेकॉर्डची तबकडी कापताना मास्टरिंगवाले, म्हणजे आवाजाची शेवटची जुळवणी करणारे, जेरीस आले, शेवटी आवाजाची लेव्हल खाली ठेवून जमलं. सप्टेंबर १९८२ मध्ये अल्बम आला, टूर नाही, मुलाखती नाहीत, आधीचा ‘द रिव्हर’ एक नंबरला गेलेला त्यामुळे लोकांना तसलंच काहीतरी हवं होतं, रेडिओवर फारसा वाजला नाही तरी अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत गेला आणि समीक्षकांनी भरभरून लिहिलं. अर्थात नाव आधीच मोठं होतं, नवीन माणसाला एवढा धीर कोणी देत नाही, हे पण मान्य कर.

२०२५ मध्ये बँडसोबतची ती रेकॉर्डिंगंही रिलीज झालीत, दोन्ही लागोपाठ ऐक. मग तुझं एक गाणं मित्रांसोबत पूर्ण बँड लावून वाजव, एक एकट्याचं ठेव, आणि ज्यात शब्द मनाला जास्त भिडतात ते निवड, मुंबईचा खर्च त्यानंतर. मास्टरिंग मात्र जाणकाराकडूनच करून घे. आणि गणपतीआधी ढोल पथकांचा सराव चालू असतो तेव्हा गाण्याचे टेक घेऊ नकोस, माइकमध्ये शिरलेला ढोल नंतर सॉफ्टवेअरने धड काढणं अवघड जातं.