व्हिटबीला आई-बाबांना घेऊन जायचंय. जुन्या गावात राहावं की वेस्ट क्लिफवर?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या व्हिटबीला लीड्सहून जाणार, गाडी नाही, जूनचा शेवटचा आठवडा, दोन रात्री. सोबत सांगलीहून आलेले आई-बाबा, आईंचे गुडघे दुखतात, आणि चार वर्षांचा मुलगा. तुम्हाला जुन्या गावातलं एक कॉटेज फोटोत फार आवडलंय, आणि तुमच्या मिसेस म्हणतायत की वेस्ट क्लिफवरचं एखादं गेस्टहाउस बघू.

मिसेसचं ऐका. का ते सविस्तर सांगते, कारण तुम्ही जी चूक करायला निघालायत ती मी करून बसले आहे.

मी मिडल्सबरोला राहते, अकरा वर्षं झाली. आमच्याकडून व्हिटबीला थेट ट्रेन आहे, एस्क नदीच्या खोऱ्यातून दीडेक तासात पोचवते. त्यामुळे भारतातून कुणीही आलं की त्यांना व्हिटबी दाखवायचं हे आमच्या घरात ठरलेलंच असतं. या गावावर माझा फार जीव आहे, आणि म्हणूनच तिथे जाऊन कुणाचे हाल झालेले मला बघवत नाहीत.

आधी गावाची ठेवण समजून घ्या. एस्क नदी समुद्राला मिळते तिथे दोन्ही बाजूंना उंच कडे आहेत. पूर्वेच्या कड्यावर ॲबीचे, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाचे, भग्न अवशेष आणि सेंट मेरीज चर्च. त्याच कड्याच्या पायथ्याशी, पाण्याला चिकटून जुनं गाव: चर्च स्ट्रीट, हेन्रिएटा स्ट्रीट, ग्रेप लेन, दगडी फरशीचे रस्ते आणि त्यांना फुटणारे अरुंद बोळ. या बोळांना तिथे यार्ड म्हणतात. पश्चिमेच्या कड्यावर, वरच्या सपाटीवर, एकोणिसाव्या शतकात पर्यटकांसाठीच वसवलेली उंच घरांची वस्ती, ती वेस्ट क्लिफ. दोन्हींच्या मधे १९०८ सालचा फिरता पूल. बोट आली की तो बाजूला वळतो आणि सगळे दोन्ही काठांवर थांबून बघत राहतात. तुमच्या मुलाला हे ॲबीपेक्षा जास्त आवडेल, लिहून देते.

नकाशावर ही सगळी ठिकाणं दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर दिसतात. पण नकाशात चढ दिसत नाही. व्हिटबीत किती मीटर हा प्रश्न गौण आहे, किती पायऱ्या हा खरा प्रश्न.

चार वर्षांपूर्वी माझे आई-बाबा आले होते तेव्हा मी चर्च स्ट्रीटच्या एका यार्डातलं कॉटेज घेतलं. फोटोत काळ्या तुळया होत्या, जाड भिंतीतली छोटी खिडकी होती, खिडकीत फुलं होती. जाहिरातीत ‘पारंपरिक जिना’ एवढेच दोन शब्द. प्रत्यक्षात तो आपल्याकडच्या माळ्यावर चढायच्या जिन्यासारखा निघाला. अर्ध्यात वळण, वळणावरच्या पायऱ्या एका टोकाला चार बोटं रुंद, आणि कठड्याऐवजी भिंतीला लावलेला दोर. बेडरूम वर, बाथरूम खाली स्वयंपाकघराच्या मागे. रात्री दोनला मला जाग आली तेव्हा माझी आई त्या जिन्यावर बसत बसत, एकेक पायरी खाली सरकत उतरत होती. कुणाला उठवायला नको म्हणून दिवाही लावला नव्हता. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दुसऱ्या रात्री तिने संध्याकाळी पाचनंतर पाणीच प्यायलं नाही.

आता जुन्या गावाच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर अन्याय होईल. दिवसभर चर्च स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी सहानंतर एका दिवसाच्या सहलीला आलेले लोक निघून जातात, जेटचे दागिने विकणारी दुकानं बंद होतात (जेट हा इथल्या कड्यांत सापडणारा काळाभोर, हलका दगड, व्हिक्टोरिया राणीच्या काळात सुतकात घालायचे दागिने याचेच करत), आणि रस्ता एकदम रिकामा होतो. हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या जुन्या धुरीघरातून ओकच्या धुरावर धरलेल्या हेरिंग माशांचा वास येतो. हे १८७२ पासून चालू आहे. अशा वेळी तिथे राहणाऱ्यालाच गाव खऱ्या अर्थाने भेटतं. तुम्ही दोघंच जाणार असता तर मी डोळे झाकून कॉटेज घ्या म्हटलं असतं. पण ती संध्याकाळ अनुभवायला तिथे झोपायची गरज नाही. साडेसहाला पुलावरून चालत या, तासभर फिरा, टॅक्सीने वर जा.

आणखी एक गोष्ट मनात असू द्या. जून २०२२ मध्ये व्हिटबीकरांनी मतदान घेतलं होतं: नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच विकावीत का? ९० टक्क्यांहून जास्त मतं ‘हो’ पडली. बाहेरच्यांची सुट्टीतली घरं आणि भाड्याची कॉटेजेस इतकी झालीत की गावातल्या तरुण मुलांना गावात घर परवडत नाही. कोकणातल्या आपल्या काही गावांत हळूहळू हेच होतंय. म्हणून पर्याय असेल तेव्हा मी मालक स्वतः राहतो असं गेस्टहाउस निवडते. सकाळी नाश्ता वाढणारी बाई तिथलीच असते, आणि कुठला रस्ता आईला झेपेल हे तिच्याइतकं कुणीच सांगत नाही.

आता वेस्ट क्लिफ. रॉयल क्रेसेंट, क्रेसेंट ॲव्हेन्यू, हडसन स्ट्रीट, ॲबी टेरेस या भागात बघा. ‘रेल्वे किंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जॉर्ज हडसनने ही वस्ती काढली, आणि त्याचं दिवाळं वाजलं म्हणून क्रेसेंटचा अर्धगोल अर्धाच बांधून झाला. ड्रॅक्युलाचा लेखक ब्रॅम स्टोकर १८९० साली सुट्टीला आला तेव्हा याच रॉयल क्रेसेंटमध्ये भाड्याच्या खोल्यांत उतरला होता. म्हणजे पाहुण्यांना उतरवून घ्यायचा धंदा इथे नवा नाही. मुख्य म्हणजे वरचा भाग बऱ्यापैकी सपाट आहे. दारातून बाहेर पडलं की हिरवळ, बाकं, समोर समुद्र, देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान आणि प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुकचा पुतळा. कुक १७४६ मध्ये इथे वॉकर नावाच्या जहाजमालकाकडे उमेदवारी करायला आला, आणि पुढे ज्या एन्डेव्हरने तो ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला ते जहाजही व्हिटबीतच, कोळसा वाहण्यासाठी बांधलेलं. ग्रेप लेनवरचं वॉकरांचं घर आता संग्रहालय आहे. बाबांना इतिहासाची आवड असेल तर तिथे दोन तास सहज जातील.

पण वेस्ट क्लिफवरही डोळे मिटून बुकिंग करू नका. ही घरं चार-पाच मजली आणि बहुतेकांत लिफ्ट नाही. ‘सी व्ह्यू’ लिहिलेली खोली हमखास वरच्या मजल्यावर असते. वेबसाइटवरून पैसे भरण्याआधी फोन करा आणि सरळ विचारा: खोली कितव्या मजल्यावर? रस्त्यावरून मुख्य दारापर्यंत किती पायऱ्या? बाथरूम खोलीतच आहे ना? शॉवर टबमध्ये चढून घ्यावा लागतो का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि गुडघेदुखीवाल्याला तोच सगळ्यात जड जातो. ‘लोअर ग्राउंड’ म्हणाले तर ते तळघर समजा, म्हणजे पुन्हा जिना उतरणं आलं. आई-बाबांना तळमजल्यावरची खोली घ्या आणि समुद्र दिसणारी वरची तुम्ही घ्या. दिवसा ती खोली सगळ्यांचीच असते.

लीड्सहून ८४० नंबरची कोस्टलायनर बस यॉर्क, माल्टन, पिकरिंग करत मूर्सवरून, म्हणजे उंचावरच्या उघड्या माळरानावरून, जाते. प्रवास तीन तासांच्या वरचा आहे, पण मूर्सवरचा शेवटचा टप्पा बाबांना खिडकीशी बसवण्यासारखा. बस आणि ट्रेन दोन्ही खाली बंदराशी थांबतात. तिथून वेस्ट क्लिफ चालत जवळ आहे, पण तो चढ बॅगा घेऊन चढू नका, टॅक्सी करा. वर जाणाऱ्या एका रस्त्याचं नाव चक्क खैबर पास आहे. बाबांना सांगाल तर हसतील, आणि चढ पाहिल्यावर पटेलही. किनाऱ्यावर उतरायला १९३१ सालची एक लिफ्ट होती, ती २०२२ मध्ये बंद पडली. तिच्या भरवशावर बेत आखू नका.

ॲबीला जायला चर्च स्ट्रीटच्या टोकापासून १९९ पायऱ्या आहेत. मधे मधे सपाट जागा आणि बाकं आहेत, शवपेटी वर नेणाऱ्यांना टेकवता यावी म्हणून केलेली. आईंना त्या चढवू नका. ॲबीपर्यंत मागून गाडीरस्ता आहे, टॅक्सी थेट वरच्या पार्किंगला सोडते. तुम्ही मुलाला घेऊन पायऱ्यांनी या, तो मोजत मोजत चढेल. वर गेल्यावर आई-बाबांना केडमनची गोष्ट जरूर सांगा. इसवी सन ६५७ मध्ये हिल्ड नावाच्या संन्यासिनीने इथे मठ स्थापला, आणि तिच्या काळात तिथे गुरं राखणारा केडमन नावाचा एक निरक्षर माणूस होता. मेजवानीत वाद्य हातात येण्याची वेळ झाली की गाता येत नाही म्हणून हा उठून गोठ्यात जायचा. एका रात्री स्वप्नात कुणीतरी म्हणालं, गा. आणि तो गायला. इंग्रजीत ज्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे असा हा सगळ्यात जुना कवी. माझ्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते त्या पडक्या कमानींकडे बघत एवढंच म्हणाले, “म्हणजे यांचीही जनाबाई होती.”

खाण्याचं थोडक्यात, पण महत्त्वाचं. यॉर्कशरमध्ये फिश अँड चिप्स बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, बीफ ड्रिपिंग म्हणतात तिला. चिप्ससुद्धा त्यातच. मासे खाणाऱ्यांनीही आणि नुसते चिप्स खाणाऱ्यांनीही आधी विचारून घ्या. वनस्पती तेलात तळणारी दुकानं मिळतात. बाहेर बसून खाल तर मुलाला भिंतीकडे बसवा, समुद्रपक्षी हातातून घास पळवतात. गेस्टहाउसला आदल्या दिवशी सांगितलंत तर शाकाहारी नाश्ता नीट करतात: मशरूम, बीन्स, टोस्ट, अंडं चालत असेल तर अंडं. आईंसाठी थर्मास, चहापत्ती आणि थोडे दडपे पोहे सोबत असू द्या. कॉटेजमध्ये स्वयंपाक करता येतो हे त्याच्या बाजूचं एकच भक्कम कारण, पण त्या बुटक्या छतांखाली मोहरी तडतडली की धुराचा अलार्म लगेच वाजतो.

लिफ्ट हवीच असेल तर स्कारबरोला राहा. तिथे मोठी हॉटेलं आहेत, लीड्सहून थेट ट्रेन आहे, आणि व्हिटबीला एक्स ९३ बस तासाभरात नेते. रॉबिन हुड्स बे सुंदर आहे, पण सगळं गाव एका उभ्या उतारावर आहे, यावेळी नको. सॅन्ड्सएन्डला मात्र एक दुपार जा. बसने पाच किलोमीटर, सगळं सपाट, आणि मुलाला खेळायला भरपूर वाळू.

शेवटी जूनबद्दल. आपल्याकडे कोकणात सूर्य समुद्रात मावळतो, पण उगवतो डोंगरामागून. व्हिटबीचा किनारा उत्तरेला तोंड करून आहे, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात तो समुद्रातूनच उगवतो आणि समुद्रातच मावळतो. उगवतो पहाटे साडेचारच्या सुमाराला, तेव्हा कुणाला उठवू नका, पक्षी उठवतीलच. मावळतो रात्री साधारण पावणेदहाला. नऊला आई-बाबांना स्वेटर, कानटोपी घालून देवमाशाच्या कमानीजवळच्या बाकावर नेऊन बसवा, थर्मास सोबत घ्या. खोली तिथून सपाट रस्त्याने पाच मिनिटांवर असू द्या.