इस्त्रीचा प्लग

पत्र : “ताई, मी एकांकिका लिहितेय. होस्टेलच्या एका खोलीत दोन मुली : आर्याला ओसीडी (मंत्रचळ), नेहाला बायपोलर (उन्माद आणि नैराश्याचा आजार). आर्या सारखे हात धुते, नेहा घटकेत हसते, घटकेत रडते, शेवटी गोळी घेते आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत. माझ्या मैत्रिणीला खरंच ओसीडी आहे. तिला वाचायला दिलं तर ‘ही साबणाची जाहिरात आहे’ म्हणाली. आठ दिवस झाले, बोलत नाही. माझं काय चुकलं? ता. क. : आर्या हे नाव मैत्रिणीच्या नावातलं एक अक्षर फिरवून ठेवलंय.”

उत्तर : जाहिरातीचं तिनं बरोबर ओळखलं. तुझ्या दोघी आपापला आजार करून दाखवतात आणि विंगेत जातात. एकीच्या आजाराचा दुसरीवर ओरखडाही उठत नाही.

हात धुणं काढ, इस्त्रीचा प्लग घाल. प्लग काढलेला आर्याला दिसतोय, तरी ‘माझ्यामुळे होस्टेल जळेल’ हा विचार हटत नाही. तो वेडगळ आहे हेही तिला कळतं, छळ त्याचाच. निघताना ती प्लगचा फोटो काढते, बसमध्ये दहादा उघडते, मग वाटतं, हा कालचा तर नाही? मग नेहाला फोन. सरळ विचारत नाही हं. “तू शेवटी निघालीस ना? कसला वास वगैरे?” नेहा म्हणते, “काढलाय गं बाई!” पाच मिनिटं हायसं वाटतं, पुन्हा शंका. दर वेळी दिलेली खात्री ओसीडीला खतपाणीच घालते. नेहाच्या मायेनंच आर्याचं दुखणं वाढतं. नाटक आहे ते इथे.

आता नेहा. घटकेत हसू, घटकेत रडू हे बायपोलर नव्हे. उन्मादाचा झटका साधारण आठवडाभर किंवा जास्त टिकतो, नैराश्य बहुधा त्याहून लांबतं. म्हणून एका रात्रीत सगळं कोंबू नकोस. मध्ये काही आठवडे जाऊ देत. उन्मादात नेहा दोन-तीन तास झोपून टवटवीत उठते, भराभर बोलते, रात्री दोनला ऑनलाइन खरेदी करते, अडवलं की खेकसते. हे पहिल्यांदा कुणाला कळेल? आर्यालाच, कारण प्लग बघायला तीही दोनला जागीच असते.

नैराश्यात नेहा भिंतीकडे तोंड करून पडलेली. आर्या विचारते, “प्लग?” उत्तर नाही. खात्री न मागता शंका सोसायला शिकणं हा ओसीडीच्या उपचाराचा गाभा आहे, पण तो तयारीनिशी, पायरीपायरीनं होतो. इथे अवचित आलेली शांतता म्हणजे नुसती दहशत. तिला लगेच बरी करू नकोस.

गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी नेहा ठणठणीत, हेही खोड. लिथियमचा, म्हणजे बायपोलरवरच्या औषधाचा, गुण यायला एक-दोन आठवडे तरी लागतात. हाताला बारीक कंप सुटतो, तहान लागते, रक्तातली त्याची पातळी बघायला शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावं लागतं. हातातली बशी किणकिणली की प्रेक्षकाला कळतं, संवाद लागत नाही.

राहिला रुसवा. “मी न विचारता तुझं दुखणं उचललं, चुकलं,” एवढंच कळव. “पण मला वाटलं…” नको. काय बदलू, हेही लगेच विचारू नकोस. तुझं नाटक तपासून देणं हे तिचं काम नाही. ती बोलू लागली की विचार, तिच्या कोणत्या गोष्टी रंगमंचावर मुळीच नकोत. त्या काढ, कितीही चांगला प्रवेश गेला तरी. आणि आर्याचं नाव आजच बदल. मैत्रिणीच्या नावातलं एकच अक्षर फिरवलंयस, पत्राखालच्या ताज्या कलमात तूच लिहिलंयस.