सांगलीत ब्रह्मकमळाच्या कळ्या का गळतात, आणि फूल वाळवून कोणत्या आजारावर घ्यायचं?

फूल वाळवायच्या आधी ते कशाचं आहे ते बघा. आपल्या गच्चीवरचं ‘ब्रह्मकमळ’ म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा निवडुंग. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर होतं, सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यफूल. त्याचे गुण याला चिकटवून मेसेज फिरतात. अमेरिकेतला निवडुंग चरकसंहितेत कुठून येणार? पूजा करा, हळदकुंकू वाहा, त्याला ना नाही. ‘झाड पुराणातलंच’ या हट्टावरून मात्र आमच्या घरी दर पावसाळ्यात वाजतं. चीनमध्ये या फुलांचं सूप करतात, खोकल्या-कफावरही देतात. होमिओपॅथीतलं ‘कॅक्टस ग्रँडिफ्लोरस’ मात्र दुसऱ्याच निवडुंगाचं. दोन्ही रात्री फुलतात, एवढंच साम्य.

कळ्या गळण्याचं मूळ बहुधा कुंडीतच असतं. तुमच्याकडे शेतातली काळी माती भरतात. ती पावसात पाणी धरून बसते, मुळं कुजतात आणि झाड आधी कळ्या टाकतं. ही जात रानात झाडाच्या फांदीवर, साचलेल्या पाचोळ्यात वाढणारी. एक भाग माती, एक भाग कुजलेला पाचोळा, एक भाग जाड वाळू किंवा विटांचे तुकडे, कुंडी 10 इंची. युरिया घातलात तर नुसते लांब दांडे सुटतील. ऊन सकाळचंच.

दुसरं कारण म्हणजे कौतुक. ‘पाना’च्या (खरं तर ते चपटं खोड) कडेच्या खाचेत तांबूस टोक दिसलं की कुंडी उचलून व्हरांड्यात आणतात. उजेड बदलला की कळी गेली. न हलवलेली कळी दोन-तीन आठवडे खाली लोंबते. मग देठ आकड्यासारखा वर वळतो, कळी फुगते. त्यानंतर एक-दोन रात्रींत फुलते. नऊच्या सुमारास टोक सुटतं, मध्यरात्री पूर्ण उमलतं, सकाळी मान टाकलेली. कुंडी आत आणायची तर फुलायच्या संध्याकाळीच.

नवं झाड करायचं तर वीतभर तुकडा कापून 3-4 दिवस सावलीत वाळवा, मग बुडखा 2 इंच खोचा. कापावर हळद लावा हवी तर, सांगलीत तिला काय तोटा! पण काम होतं ते वाळण्यानं. फूल दोन-तीन वर्षांनी. ‘बारा वर्षांतून एकदा’ ही थाप आहे; जमलेलं झाड एका पावसाळ्यात दोन-तीनदा फुलतं.

थोड्या कळ्या मात्र चांगल्या झाडाच्याही गळतात. आणि सूप करून बघायचंच असेल तर औषध फवारलेल्या झाडाचं फूल नको. हृदयाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.